कशावानी चमकते?

गजभिये मॅडमसमोर कुणी नुसतं 'चमकते' म्हटलं की त्याचं काही खरं नसे. समोर विद्यार्थी असो, मुख्याध्यापक असोत की भांड्यांचा दुकानदार, मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या, मान थोडी तिरपी करायच्या आणि विचारायच्या, "कशावानी चमकते?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. मी आपलं सहज म्हटलं, "नवरीचा शालू काय चमकतोय!" झालं. बाईंनी उचललेली जिलेबी ताटात परत ठेवली.

"सगळा शालू, का फक्त जर?"

"मॅडम, जेवू द्या."

"जेवा ना. कोन नाही म्हनते? पन जर चमकते ते बारीक बारीक, सुट्टं सुट्टं. ते ग्लिटर. आनि तिच्या नाकावर घाम आला आहे, तो चमकते ते येगळं."

मी नवरीच्या नाकाकडे पाहिलं. खरंच घाम होता, आणि तो खरंच वेगळा चमकत होता. भर मांडवात नवरीच्या नाकाकडे टक लावून बसलेल्या मास्तराबद्दल वरपक्षाने काय मत केलं असेल ते असो. गजभिये मॅडमच्या सहवासात माणसाची अशी शोभा व्हायचीच.

आंधळगावच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मी विज्ञान. मी भंडाऱ्याहून रोज एसटीने येणारा, त्या गावातल्याच. कुंदा गजभिये. बुटक्या, सडपातळ, कायम घाईत. खांद्याला गोणपाटाची पिशवी, आणि त्या पिशवीत काय निघेल याचा नेम नाही. पुस्तकं असायचीच, पण कधी पितळेचा गडू, कधी कोशाच्या रेशमी कापडाची चिंधी, कधी फुटक्या बांगड्या. आंधळगावात कोशाच्या रेशमाचे माग आहेत, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. मागवाल्यांच्या घरी जाऊन या बाई कापड खिडकीपाशी धरायच्या, मग चुलीपाशी धरायच्या, मग अंगणात. विकत मात्र घ्यायच्या नाहीत.

मुलांकडे बाजारात मिळणारं एक गाइड होतं. त्यात उजेडाबद्दलचे जे दहा-बारा इंग्रजी शब्द होते, त्या सगळ्यांसमोर अर्थ एकच छापलेला: चमकणे. ग्लीम, चमकणे. ग्लिटर, चमकणे. शिमर, चमकणे. पोरांना ते फार सोयीचं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी ते पान सगळ्यांना उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "एकच अर्थ होता, त मंग इंग्रजायले इतके शब्द कायले लागले? त्यायले दुसरं काम नव्हतं का?" पोरं हसली. मग प्रत्येकाला घरून एक चमकणारी वस्तू आणायला सांगितलं. "वस्तू आना, मंग शब्द देते. शब्द फुकट नाही भेटत माह्या वर्गात."

दुसरी एक गोष्ट होती. इतर तासांना पोरं झाडीबोलीत बोलली की मास्तर डाफरायचे, 'शुद्ध बोल.' मीही डाफरलो असेन. मॅडमच्या इंग्रजीच्या तासाला मात्र गावची बोली बिनधास्त चालायची. "तलावाचं पानी हवेनं थरथरते त्यावानी," असं कुणी म्हटलं की बाई खडूने फळ्यावर 'शिमर' लिहायच्या, आणि त्याखाली पोराचं वाक्य जसंच्या तसं. 'वानी', म्हणजे 'सारखं', हा शब्द त्यांनी कुणाला गाळू दिला नाही. कुणी नुसतं 'थरथरते' म्हणालं तर त्या वाट पाहत उभ्या राहायच्या.

ही सारी हौस असती तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. शिक्षकांत असे नग असतातच. पण त्यांच्या या खोडीमागे एक गेलेला डोळा होता आणि एक राहिलेला. दोन्ही त्यांच्या वडिलांचे. गेलेल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं. राहिलेल्यावर त्यांचा सगळा जीव टांगलेला होता. हे मला कळायला एक बाजार घडावा लागला. त्याआधी निखाऱ्याचं सांगतो.

'ग्लो' शिकवायचा होता. मॅडमच्या मते मराठीत त्याला नीट शब्दच नाही. आपल्याकडे मिणमिणणं आहे, लुकलुकणं आहे, लखलखणं आहे, झगमगणं आहे. पण ज्वाळा नसताना आतून येणारा तो शांत उजेड, त्याचं काय करायचं? शेवटी त्यांनी नाक्यावरच्या हॉटेलातून लोखंडी घमेल्यात निखारे मागवले आणि टेबलावर ठेवले. दारं-खिडक्या लावल्या. त्या फुंकर मारत होत्या आणि चाळीस पोरं श्वास रोखून बघत होती. निखारा उजळायचा, मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. तेवढ्यात घमेल्याखाली टेबलाचं लाकूड धुमसायला लागलं. धूर व्हरांड्यात आला आणि धुरामागोमाग मुख्याध्यापक आले.

"मॅडम, हे अभ्यासक्रमात कुठे आहे?"

"धड्यात 'ग्लोइंग' आहे सर."

"मग अर्थ सांगा ना! आग कशाला लावता?"

"आग नाही सर. आग लागली असती त ग्लो राह्यला नसता."

मुख्याध्यापकांनी ते टेबल नंतर माझ्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं, 'तुमच्याकडे जळके टेबल शोभते' असं म्हणून. मी मॅडमशी वाद घातला. म्हटलं, ग्लो म्हणजे स्वतःचा उजेड. मग परवा तुम्ही कोशाच्या कापडाला ग्लो का म्हणालात? कापड तर बाहेरचाच उजेड परत फेकतं. त्यांनी पिशवीतून चिंधी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मालूम आहे मले. तरी पाहा." मी पाहिलं. विज्ञान माझ्या बाजूने होतं, पण चिंधीकडे पाहताना मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता बाजार. कसल्याशा कागदांवर सही घ्यायला आम्हाला मोहाडीच्या तहसीलमध्ये जावं लागलं होतं. मॅडमच्या स्कूटीवर मागे मी, मांडीवर ती पिशवी. काम झालं, आणि त्या दिवशी आठवडी बाजार भरलेला. मासोळीच्या ओळीत जनाबाई म्हणून एक ढिवरीण बसायची. ओल्या गोणपाटावर तलावातली ताजी मासोळी. मॅडम तिथे उकिडव्या बसल्या आणि एक मासोळी शेपटीला धरून उन्हात फिरवू लागल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

"बाई, मासोळी घ्याची का तिचा फोटू काढाचा?" जनाबाई म्हणाली.

"जना, हे चमकते ते कशावानी चमकते वो?"

"मासोळीवानीच चमकते! आनखी कशावानी चमकन?"

मागची माणसं हसली. मॅडमही हसल्या, पण उठल्या नाहीत. "तसं नाही. सुकली म्हंजे?"

"सुकली का गेली चमक. वल्ली आहे तोवरच. आता घेता का, का मी सुकू देऊ?"

मॅडमचा चेहरा असा खुलला की जणू बाईने मासोळी फुकट दिली. गाडीवर बसताना त्या मला ओरडून सांगत होत्या, "ग्लिसन! ओलं असेपर्यंत! सकाळचं गवत, मासोळी, घाम, रडून लाल झालेला डोळा, सगळं ग्लिसन!" त्या भरात गरजेच्या दुप्पट मासोळी घेतली गेली होती. मग म्हणाल्या, आता घरीच चला जेवायला. बाबांना सोबत होईल. असा मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो.

घर साधं, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची. दारापुढे पायरीवर वडील बसलेले. चिखल्याच्या मँगनीजच्या खदानीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. गावात त्यांना 'खदानवाले बाबा' म्हणत. उजवा डोळा उघडा होता, पण त्यात काही नव्हतं. डावा लहान, मिस्कील. त्या डाव्या डोळ्याने त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "तुमी बी उजेडाचेच मास्तर का?"

"मी विज्ञानाचा."

"बरं झालं. घरात एक आहे तोच पुरे आहे."

मासोळी चुलीवर चढली. मॅडम हात पुसत बाहेर आल्या, बाबांच्या समोर बसल्या, त्यांची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि विचारलं, "आज उजेड कसा होता?"

"चांगला होता."

"कशावानी?"

"कुंदे, पाहुने आहेत वो."

"सांगा."

म्हातारबांनी उसासा टाकला. मग शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा तसं म्हणाले, "दुपारी टिनावरचं ऊन डोळ्याले लागलं. ग्लेर. घरात आलो, गेलं. फ्लॅश नाही. काळे मच्छर नाही. पडदा नाही."

मॅडमनी मान हलवली आणि स्वयंपाकाला गेल्या. मी बघतच राहिलो. खदानीत दगड फोडण्यात आयुष्य गेलेला माणूस 'ग्लेर' आणि 'फ्लॅश' वेगळे करून सांगत होता, आणि ते रोज संध्याकाळी, जेवणाआधी.

जेवताना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, काटे काढत. काही वर्षांपूर्वी तालुक्याला डोळ्यांचं एक शिबिर लागलं होतं. डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचा, मराठी येत नव्हतं, हिंदीही तोडकंमोडकं. लोकांची पंचाईत झालेली. मॅडम पुढे झाल्या. म्हणाल्या, मी सांगते इंग्रजीतून. त्या दिवशी त्यांना आपल्या इंग्रजीचा फार अभिमान वाटला होता. रांगेतल्या किती जणांचं त्यांनी बोलून दिलं. मग बाबांचा नंबर आला. बाबा म्हणाले, "उजव्या डोळ्यात इजेवानी चमकते." मॅडमनी डॉक्टरला सांगितलं, "इट शाइन्स इन हिज आय."

"इजेवानी म्या सोडून देल्लं," त्या म्हणाल्या. "वाटलं, गावठी बोलनं आहे. डॉक्टरपुढे कायले पाहिजे? बाबा परत बोलले, इजेवानी, इजेवानी. म्या म्हटलं, समजलं बाबा, तुमी थांबा."

डॉक्टरला वाटलं, मोतीबिंदू. उन्हाचा त्रास होत असेल. वय तसंच होतं. काळा चष्मा लावा म्हणाला, हिवाळ्यात ऑपरेशन करू. हिवाळ्याआधीच त्या डोळ्यावर पडदा उतरला. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: विजेसारखं चमकत होतं का? मग आधी का नाही आलात? आतला पडदा सुटायला लागला की तशी वीज दिसते. तेव्हा धावत यायचं असतं. एका डोळ्याला झालं त्याच्या दुसऱ्यालाही होऊ शकतं, जपा.

"म्हनून मी त्यायले इंग्रजी शब्द शिकवले," मॅडम म्हणाल्या. "उद्या मी नसली, कोनताही डॉक्टर असला, तरी बाबायनं सोता सांगाले पाहिजे. मधात मी नको."

बाबा शांतपणे जेवत होते. म्हणाले, "खदानीत टोपीवर एक दिवा होता. पेटला त उजेड, नाही पेटला त अंधार. इतकं सोपं होतं. आता पाहा, रोज परीक्षा." आणि माझ्याकडे बघून त्यांनी तो डावा डोळा मिचकावला. मला त्या डोळ्याबद्दल एकदम भीती वाटली, ती पुढे गेलीच नाही.

त्यानंतर मी बऱ्याचदा त्या घरी गेलो. एसटी चुकली की हक्काची जागा झाली. बाईंचा स्वभाव जवळून पाहिला तर सोपा नव्हता. हट्टी. चूक दाखवली की तासभर फुगून बसायच्या. गावातल्या बायकांनी हळदी-कुंकवाला नाही, पण नव्या घराला, बारशाला आवर्जून बोलवावं आणि आल्यावर जरा धास्तवावं, असं त्यांचं स्थान. पण कुतूहल असं की त्यापुढे सगळं माफ. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, काजव्याले काय म्हनाचं?" पुस्तकात काही असेल ते सोडून बाई तिला म्हणाल्या, "मले नाही मालूम. तू पाहून सांग. एकटा काजवा येगळा का झाडभर काजवे येगळे?" पुढचे कितीतरी दिवस ती मुलगी आणि या बाई मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभ्या राहून काजव्यांवर गंभीर चर्चा करत होत्या. निकाल काय लागला ते मला अजून माहीत नाही.

मग तो कार्तिकातला आठवडा आला. धान कापून बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, पडलेला होता, आणि आभाळ भरून आलं. पाऊस पडत नव्हता, पण ऊनही नव्हतं. सगळं गाव वर बघत होतं. कापलेला धान भिजला तर कडपांना, त्या पसरलेल्या पेंढ्यांना, कोंब फुटतील ही धास्ती. शाळेत पोरं निम्मी. बाकीची शेतावर, धान गोळा करायला. त्या दिवशी माझी एसटी चुकली होती. मी मॅडमच्या पायरीवर चहा घेत होतो, बाबा शेजारी बसले होते. मॅडम आल्या, पिशवी ठेवली, हनुवटी उचलली.

"आज उजेड कसा होता?"

"चांगला होता. जरासा ग्लेर होता दुपारी. फ्लॅश नाही. मच्छर नाही. पडदा नाही."

मॅडम उठल्या. दाराशी गेल्या. तिथेच थांबल्या. मागे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झालेला होता.

"बाबा, आज दिवसभर आभाळ आहे. ग्लेर कुठून आला?"

म्हातारबांनी तोंड फिरवलं. अंगणाकडे बघत राहिले.

"काल बी आभाळच होतं. काल बी तुमी ग्लेर सांगितला. परवा बी." मॅडमचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "काय होऊन राह्यलं, बाबा?"

बाबांनी डावा डोळा चोळला. मग एकदम, कंटाळल्यासारखे बोलले, "इजेवानी. कोपऱ्यातून. डोळे मिटले तरी."

त्यानंतर घरात जे झालं ते फार भराभर झालं. शेजारच्या धानाच्या व्यापाऱ्याकडे गाडी होती; मी पळत जाऊन ती मागून आणली. मॅडमनी एका पिशवीत बाबांचे कपडे कोंबले. तेवढ्यात बाबा म्हणत होते की सकाळी जाऊ, गाडीवाल्याचा धान बाहेर पडला आहे, त्याला कशाला त्रास. मॅडमनी त्यांना उत्तर दिलं नाही. हाताला धरून गाडीत बसवलं. मीही पुढे बसलो. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, पण राहवलं नाही.

गाडी नागपूर रस्त्याला लागली तेव्हा मागच्या सीटवर मॅडम विचारत होत्या. कधीपासून? कोणत्या बाजूने? मच्छर किती? पडदा आला का? बाबा एकेक सांगत होते. चार-पाच दिवस झाले. बाहेरच्या बाजूने. काळे ठिपके कालपासून. खालच्या कोपऱ्यात काही अंधारल्यावानी, पण थोडंसं. सगळी उत्तरं त्यांच्याकडे तयार होती. मुलीने शिकवलं होतं ते त्यांना चांगलं येत होतं; इतकं, की कोणत्या शब्दाला ती घाबरते आणि कोणत्या शब्दावर ती स्वयंपाकाला निघून जाते, हेही त्यांना ठाऊक होतं.

"मंग काहून खोटं बोलले?" मॅडमना रडू फुटलं. "मी रोज विचारत होती ना तुमाले! रोज!"

बाबांनी मांडीवरची कपड्यांची पिशवी बाजूला ठेवली.

"त्या टाइमले दवाखान्याच्या पायऱ्यावर बसून तू रडली होती," बाबा म्हणाले. "लोकं जाऊन राह्यले, येऊन राह्यले, आनि तू बसली. मले एकाच डोळ्यानं दिसत होतं. याच डोळ्यानं पायलं म्या ते. परत नव्हतं पाहाचं मले."

मी पुढे बघत बसलो. मागे वळण्याची माझी हिंमत नव्हती. मला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता आणि त्याचे पाय धरावेसे वाटत होते.

दवाखान्यात मॅडम बोलल्याच नाहीत. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी, त्या नागपूरच्याच बाई होत्या, विचारलं, काय होतंय? मॅडम भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. बाबांनी स्वतः सांगितलं. फ्लॅश, मच्छर, पडदा, बाजू, दिवस. डॉक्टर बाईंनी दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं. म्हणाल्या, सुटायला लागलाय. पण मधला भाग अजून शाबूत आहे. उद्याच करू. पूर्वीसारखं होईल असं सांगत नाही. पण वेळेत आलात. मॅडमनी मान हलवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. या वेळी रडल्या नाहीत. मला वाटतं, बाबांनी ऐकू नये म्हणून.

ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेसारखा वायू भरला होता, तो पडदा जागेवर दाबून धरायला. त्यासाठी घरी आल्यावर कितीतरी दिवस पालथं झोपायचं, मान खाली. हे फार अवघड असतं. बाबा खाटेवर पालथे, कपाळाखाली उशीची चुंबळ, तोंड खाटेच्या कडेबाहेर. आणि मॅडम खाली जमिनीवर बसून पोरांचे पेपर तपासायच्या, अगदी त्यांच्या तोंडाखाली. मी विचारलं, इथेच का? म्हणाल्या, "जे दिसन ते मीच दिसली पाहिजे ना. फरशीत काय पाहतील?"

डोळ्याला सुरुवातीला नुसतं धुकं होतं. मग एक दिवस बाबा ओरडले, "कुंदे, लाइन दिसून राह्यली!" वायू हळूहळू विरत होता. त्यामुळे त्यांना डोळ्यात एक हलणारी रेघ दिसत होती. रेघेच्या एका बाजूला धुकं, दुसऱ्या बाजूला साफ. डोकं हललं की रेघ हलायची. "उन्हाळ्यात तलावाचं पानी उतरते ना, त्यावानी. रोज जरासं उतरून राह्यलं. जेवढं उतरते, तेवढी जमीन मोकळी होते." मॅडम पेपर बाजूला ठेवून ऐकत होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. रेघ लखलखते का? थरथरते का? कड ओली वाटते का? या चौकशीत भीती नव्हती. ती माझ्या ओळखीची जुनी हावरी चौकशी होती, मासोळीच्या ओळीतली. शेवटी बाबांनी विचारलं, "याले इंग्रजीत काय म्हनतात?"

"मालूम नाही बाबा."

"अजी! तुले मालूम नाही?"

"नाही मालूम," असं म्हणून मॅडम हसल्या. त्यांना एखादी गोष्ट माहीत नसल्याचा एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

पाणी उतरलं. सगळी जमीन काही मोकळी झाली नाही. खालचा एक कोपरा कायमचा अंधारात राहिला. बाबा मान जरा वाकवून, कोंबड्यासारखी तिरपी करून बघायला शिकले. मॅडमनी मात्र संध्याकाळचा प्रश्न बंद केला. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "रोज विचारून मी त्यायले खोटं बोलाले शिकवलं. आता त्यायले वाटन तवा सांगतील." हे म्हणताना त्यांचे हात पिशवीचा बंद पिळत होते. न विचारणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. घरी आल्या की त्या बाबांसमोर घुटमळायच्या, तोंड उघडायच्या आणि पुन्हा मिटून चुलीकडे जायच्या.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोपाला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दिवस मावळायला आला होता. पायरीवर तिरपं ऊन होतं आणि बाबा त्यात बसलेले होते. मी शेजारी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. थोड्या वेळाने मॅडमची स्कूटी आली. त्या पिशवी घेऊन पायऱ्या चढल्या, बाबांसमोर थांबल्या, सवयीने हात त्यांच्या हनुवटीकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

बाबांनी मान तिरपी केली. डावा डोळा बारीक करून ते मुलीकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, काही होतंय. मॅडमनाही तेच वाटलं असावं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"कुंदे," बाबा म्हणाले, "तुह्ये केस पांढरे झाले वो."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली.

"कवा झाले?"

"लय दिस झाले बाबा."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही."

म्हातारबांनी पायरीवर जरा सरकून जागा केली. मॅडम त्यांच्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसल्या, मावळतीचं ऊन डोक्यावर घेत. त्यांनी हात मागे नेऊन अंबाडा सोडला आणि केस पाठीवर मोकळे केले.

"पाहा," त्या म्हणाल्या. "पाहून घ्या, किती झाले ते."